मुक्त लेखनात तग धरण्यासाठी: नकार, मौन आणि अडकलेलं मानधन

मराठीत फ्रीलान्स लेखन करायला आलेली आणि वर्ष-दोन वर्षांत सोडून गेलेली बरीच मंडळी मी जवळून पाहिली आहेत. त्यांतले बहुतेक चांगलं लिहीत होते. त्यांना थकवलं ते काहीच न कळण्याने. लेख पोचला का, छापणार आहेत का, छापला तर मानधन किती आणि कधी, पुढचं काम कुठून येणार, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही आणि महिने सरतात. मग माणूस उत्तर स्वतःच ठरवून टाकतो: आपलं लेखनच वाईट असणार. माझं ठाम मत आहे की उमेद टिकवायची तर आधी हे अंधारात राहणं कमी करायला हवं. ते बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. कसं, ते क्रमाने सांगते. पुरवण्यांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी लिहिणारे, अनुवाद करणारे, जाहिरातीचा किंवा कंपन्यांचा मजकूर लिहिणारे, या सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हे जवळ ठेवा

- पॅन कार्ड, आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाचा स्पष्ट फोटो
- आधारशी जोडलेला मोबाइल नंबर (उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोट्या व्यवसायांच्या सरकारी नोंदणीसाठी लागतो)
- साठेक शब्दांत स्वतःचा परिचय आणि एक नीट फोटो
- लेखनाचे तीन-चार नमुने, पीडीएफमध्ये; छापील कात्रणं असतील तर स्कॅन करून
- बिलाचा कोरा नमुना: क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी
- युनिकोडमध्ये (संगणकावर मराठी लिहिण्याची आजची प्रमाण पद्धत) टाइप करण्याची सवय, मग कळफलक इनस्क्रिप्ट असो वा उच्चारानुसार चालणारा फोनेटिक
- शुद्धलेखनाचे नियम. साहित्य महामंडळाचे हे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली
- एक वही किंवा एक्सेल शीट

युनिकोडचं मुद्दाम सांगते. अजूनही काही मुद्रणालयांत आणि अंकांच्या कचेऱ्यांत जुन्या फॉन्टवर काम चालतं. तुमची फाइल तिथे उघडली की अक्षरांचा खिचडा होतो, आणि घाईत असलेला माणूस ती तशीच बाजूला टाकतो. लेख न वाचताच गेला, हे तुम्हाला कधी कळतही नाही. म्हणून प्रत्येक वेळी वर्ड फाइलसोबत त्याच मजकुराची पीडीएफ जोडा.

१. धक्का कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा

वाईट बातमी आली की सगळं एकत्र अंगावर येतं, म्हणून आधी वेगवेगळं करा. लेख नाकारला गेला, हा एक प्रकार. काहीच उत्तर नाही, हा दुसरा. छापला पण निम्मा कापून, हा तिसरा. पैसे अडकले, हा चौथा. नियमित काम देणारा क्लायंट अचानक थांबला, हा पाचवा. यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराचाच काय तो तुमच्या लेखनाशी संबंध असतो, तोही नेहमी नाही. अंकात आधीच त्या विषयावर लेख घेतलेला असतो, जाहिरात वाढल्याने पानं कमी होतात, क्लायंटकडचा तुमच्याशी बोलणारा माणूस नोकरी सोडून जातो. प्रकार ठरला की पुढची कृती ठरते, आणि कृती ठरली की मन बरंचसं जागेवर येतं.

२. वही ठेवा

नऊ रकाने पुरतात: लेखाचं नाव, कुणाला पाठवला, तारीख, पोच मिळाली का, विचारणा केव्हा करायची, निर्णय, ठरलेलं मानधन, बिलाची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख. दर सोमवारी सकाळी वही उघडायची, त्या आठवड्यात ज्यांना विचारायचं आहे त्यांना पत्रं लिहायची आणि वही मिटायची. बाकी आठवडाभर मेल पुन्हा पुन्हा उघडून पाहायची नाही. विचारण्याचा दिवस ठरलेला असला की उरलेले दिवस लिहायला मोकळे राहतात.

या वहीचा दुसरा उपयोग सहा महिन्यांनी कळतो. ‘माझं कुठेच काही होत नाही’ असं वाटायला लागलं की मागची पानं चाळा. कुणाकडून उत्तर येतं, कुणाकडून कधीच येत नाही, कोण वेळेवर पैसे देतं, हे तिथे तारखेनिशी दिसतं. ज्या दाराशी वारंवार खेटे घालूनही हाती काही लागत नाही, ते दार तुम्ही स्वतः बंद करू शकता.

३. मौनावर पत्र

मौन हा सगळ्यांत छळणारा प्रकार आहे, आणि दिवाळी अंकांच्या बाबतीत तर तो नेहमीचाच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. आजही अनेक अंक दोन-तीन माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून काढतात. मे-जूनपासून साहित्य येऊ लागतं आणि ऑगस्ट संपेपर्यंत बहुतेक अंक भरत आलेले असतात. एवढ्या ढिगातून प्रत्येकाला कळवणं त्यांना जमतंच असं नाही. म्हणून आपण विचारायचं, आणि असं विचारायचं की समोरच्याला एका ओळीत उत्तर देता यावं:

‘स. न. वि. वि. आपल्या दिवाळी अंकासाठी दि. १२ जून रोजी एक कथा ई-मेलने पाठवली आहे. ती पोचली असल्यास कृपया कळवावे. ३१ जुलैपर्यंत आपला निर्णय समजला नाही, तर कथा आपण घेत नाही असे समजून ती अन्यत्र पाठवेन. कळावे.’

यात गयावया नाही आणि तक्रारही नाही. एक तारीख आहे. त्या तारखेनंतर कथा पुन्हा तुमची झाली, आणि वाट पाहणं संपलं. एक पथ्य मात्र पाळा: एकच कथा एकाच वेळी चार अंकांना पाठवू नका. दोन अंकांत तीच कथा छापून आली तर दोन्ही संपादक कायमचे दुरावतात.

४. ‘साभार परत’ आल्यावर

त्या दिवशी उत्तर लिहू नका. लेखही उघडू नका. वाईट वाटू द्या, ते साहजिक आहे. दुसऱ्या दिवशी नकाराचं पत्र पुन्हा वाचा आणि त्यात काही नेमकं लिहिलं आहे का ते शोधा. ‘आमच्या धोरणात बसत नाही’ किंवा ‘जागेअभावी’ यांतून लेखनाविषयी काहीच कळत नाही, त्याचा अर्थ लावत बसू नका. पण संपादकाने ‘मधला भाग रेंगाळतो’ असं एक वाक्य जरी लिहिलं असेल, तर त्याने वेळ काढून लेख वाचला आहे. त्याला दोन ओळींचे आभार कळवा आणि पुढचा लेख आधी त्याच्याकडे पाठवा.

लेख पाठवतानाच वहीत त्याचा दुसरा आणि तिसरा पत्ता लिहून ठेवत जा. नकार आल्यावर नवा पत्ता शोधायला मन धजत नाही; आधीच लिहिलेला असेल तर हात तेवढं काम करतो.

५. छापून आलेला मजकूर आणि पाठवलेला मजकूर शेजारी ठेवा

लेख कापला गेल्याचं दुःख नाकारल्यापेक्षा मोठं असतं, कारण तो आपल्याच नावाने सगळ्यांसमोर येतो. पण यातूनच सगळ्यांत जास्त शिकायला मिळतं, तेही फुकट. मी नाशिकला राहते. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका तरुण लेखकाने लासलगावच्या कांदा लिलावावर लेख लिहिला होता. पाठवला होता नऊशे शब्दांचा, छापून आला सहाशेचा. तो फार दुखावला होता. आम्ही दोन्ही मजकूर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि गेलेल्या ओळी लाल पेनाने रंगवल्या.

त्याची सुरुवात अशी होती: ‘कांदा हा आपल्या स्वयंपाकघरातील अविभाज्य घटक आहे. महाराष्ट्राच्या अर्थकारणातही त्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ हा परिच्छेद पूर्ण गेला होता. छापील लेख सुरू होत होता तो इथून: ‘व्यापारी ट्रॉलीवर चढला, वरचा कांदा दोन्ही हातांनी बाजूला सारून खालचा पाहिला आणि क्विंटलमागे भाव पन्नास रुपयांनी उतरवला.’ पुढे एका शेतकऱ्याने हिशेबपट्टीची बारीक घडी करून ती टोपीत खोचल्याचं वर्णन होतं. ते राहिलं होतं. त्याच्या नंतरचं ‘त्याच्या डोळ्यांत साऱ्या बळीराजाची व्यथा दाटली होती’ हे वाक्य गेलं होतं. शेवटचे दोन परिच्छेद, शासनाने काय करायला हवं ते सांगणारे, तेही गेले होते.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट झाली होती. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं सगळं उपसंपादकाने ठेवलं होतं, आणि कुणीही कुठेही बसून लिहू शकेल असं सगळं काढलं होतं. हे दिसल्यावर त्याचा चेहरा बदलला. पुढचा लेख त्याने सुरुवातीपासूनच सहाशे शब्दांत लिहिला. उपसंपादक नेहमीच बरोबर असतात असं मी म्हणत नाही. घाईत अर्थ बदलून टाकणारी काटछाटही होते, नाव चुकतं, आकडा चुकतो. तशी चूक असेल तर त्याच दिवशी नेमकी ओळ दाखवून दुरुस्ती मागा. ‘माझ्या लेखाची वाट लावली’ या सुरात लिहिलेल्या पत्राने मात्र काही हाती लागत नाही.

६. काम घेण्याआधी चार गोष्टी लेखी

दर, मुदत, किती वेळा बदल करून द्यायचे, आणि पैसे किती दिवसांत. करारनामाच हवा असं नाही. फोनवर बोलणं झालं की लगेच मेल करा: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ असं म्हणून या चार गोष्टी लिहा आणि ‘होय’ असं उत्तर मागा. ज्याला हे उत्तर द्यायला जड जातं, त्याला पैसे द्यायलाही जड जाणार, असा माझा अनुभव आहे.

हक्कांचंही इथेच पाहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही नोकरीत नसाल तर तुमच्या लेखनाचे पहिले मालक तुम्हीच असता. ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे अंकात एकदा छापून आलेली कथा, सगळे हक्क लिहून दिले नसतील तर, पुढे संग्रहात, ऑडिओत किंवा अनुवादात पुन्हा तुमच्या कामाला येऊ शकते. कमी मानधनाने मन खट्टू होतं तेव्हा हे लक्षात असू द्या. ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेल्या कागदावर मात्र दर तसाच घसघशीत असल्याशिवाय सही करू नका.

७. अडकलेले पैसे

नवे लेखक इथे दोन टोकं गाठतात. एक तर संकोचाने महिनोन्महिने विचारतच नाहीत, नाहीतर एकदम भांडतात. मधला रस्ता असा आहे.

काम दिलं त्याच दिवशी बिल द्या. बऱ्याच कंपन्यांत आधी व्हेंडर, म्हणजे पुरवठादार म्हणून तुमची नोंद व्हावी लागते. तो फॉर्म आणि धनादेशाची प्रत सुरुवातीलाच मागून भरून टाका, नाहीतर बिल महिनाभर नुसतं पडून राहतं. मुदत उलटली की पहिलं पत्र ज्याने काम दिलं त्याला, आणि सोबत लेखा विभागाला. संपादकाच्या किंवा काम समजावून देणाऱ्याच्या हातात पैसे नसतात. त्याच्यावर रागावून नातं तुटतं आणि पैसेही येत नाहीत. पत्रात बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि एकच प्रश्न: ‘ही रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल?’ घरची अडचण, आजारपण, मुलांची फी यांतलं काही लिहू नका. केलेल्या कामाचे पैसे मागायला कारण लागत नाही.

उद्यम नोंदणी सुरुवातीलाच करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे मोफत होते. पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो का ते बघा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट याच कामाचे पैसे उकळतात. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. बहुतेक वेळा तक्रारीपर्यंत जावं लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि खाली ‘एमएसएमई कायद्यानुसार देय’ एवढी ओळ असली तरी लेखा विभाग ते बिल वेगळ्या ढिगात ठेवतो. नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी, एवढं सांभाळा.

खात्यात रक्कम कमी आली तर लगेच फसवणूक समजू नका. एका कंपनीकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क मिळणार असेल तर त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर एआयएसमध्ये (वार्षिक माहिती विवरणात) दिसते, आणि तुमचा कर तेवढा होत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळते. अनेक जण विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

८. कोरडे महिने आधीच गृहीत धरा

दिवाळी अंकांचं काम जूनपासून सप्टेंबरपर्यंत, कंपन्यांच्या अहवालांचं मार्चच्या पुढे, प्रचारसाहित्याचं निवडणुकीच्या तोंडावर. मधल्या महिन्यांत फोन वाजत नाही. हे माहीत नसलं की नोव्हेंबर-डिसेंबरात माणूस खचतो. किमान तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नका. एक काम असं धरा जे रुक्ष असेल पण नियमित येईल: मुद्रितशोधन, पाठ्यसाहित्याचा अनुवाद, उपशीर्षकं. आणि प्रचारसाहित्याचे पैसे मतदानाच्या आधी पूर्ण घ्या. निकाल लागल्यावर ते कार्यालयच जागेवर नसतं.

पहिलं पुस्तक काढायचं असेल तर याच महिन्यांत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा.

९. ‘एआयने केलंय, तुम्ही नुसतं बघून द्या’

हे वाक्य आता अनुवादकांना रोज ऐकू येतं, आणि त्यासोबत आधीच्या दराच्या पाव भागाचा प्रस्ताव येतो. अपमान वाटतो, आणि तो वाटणं योग्यच आहे. पण नाही म्हणण्याआधी एक पान मागवा आणि घड्याळ लावून दुरुस्त करा. यंत्राच्या मराठीत दर वाक्य जवळजवळ बरोबर असतं, पण ‘आपण’ मध्येच ‘तुम्ही’ होतं, लिंग बदलतं, वाक्यरचना इंग्रजीच राहते. अशी वाक्यं मोडून पुन्हा जुळवायला कधी कधी नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो. लागलेला वेळ दाखवून तासाचा दर सांगा. मान्य नसेल तर सोडा, आणि ते तास तुमच्या वस्तीत, तुमच्या तालुक्यात जाऊन करायच्या लेखनाला द्या. लिलावात उभं राहून पाहिलेलं लिहायला अजून माणूसच लागतो.

१०. नाउमेद माणसालाच हेरणारे

पाठोपाठ नकार आल्यावर पुढच्या जाहिराती खऱ्या वाटू लागतात, म्हणून वाईट महिन्यात जास्त सावध राहा.

- ‘प्रातिनिधिक संग्रहात’ कविता घेण्यासाठी सहभाग शुल्क, आणि बदल्यात सन्मानपत्र.
- नमुना म्हणून पूर्ण लांबीचा लेख मागणारे. नमुना दोनशे शब्दांचा द्या, किंवा आधी छापलेला.
- घरबसल्या टायपिंग किंवा कॉपी-पेस्टचं काम देतो म्हणून अनामत घेणारे, आणि मग ‘करार मोडला’ म्हणत वकिलाच्या नोटिशीची भीती घालणारे. पैसे देऊ नका. दिले गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळवा.
- स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढायला काही हरकत नाही, पण किती प्रती, कुठे वितरण, न खपलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

११. घर आणि माणसं

‘तू घरीच असतेस ना, मग गॅसवाला येईल तेवढं बघ.’ असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण दिवसाचे तुकडे होतात आणि हळूहळू आपल्यालाही हे काम नाहीच असं वाटायला लागतं. ठरलेले तास घरात सांगा, लिहून भिंतीवर लावा, आणि पहिलं मानधन आलं की त्याचा आकडाही घरात सांगा. आईवडिलांना किंवा सासरच्यांना काम दिसत नाही. तारखा आणि आकडे दिसले की बोलण्याचा सूर बदलतो.

याच व्यवसायातला एक तरी माणूस जोडा, ज्याला नकाराचं पत्र जसंच्या तसं पाठवता येईल. गावात कुणी नसेल तर ग्रंथालयात चौकशी करा, साहित्य परिषदेच्या शाखेच्या कार्यक्रमांना जा, अनुवादकांच्या गटात सामील व्हा. दर काय चालू आहे आणि कोण पैसे बुडवतं, हे अशा गप्पांतूनच कळतं.

आणि झोप उडाली आहे, जेवण जात नाही, लिहिण्याचंच नव्हे तर कशाचंच मन होत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो लेखनाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तोवर हातातल्या मुदती पुढे ढकलण्यासाठी संपादकांना दोन ओळी लिहा. कारण सांगायची गरज नाही, नवी तारीख तेवढी द्या.